खोली क्रमांक चौदाची चावी

प्रति,
मा. कुलसचिव,
नागनदी विद्यापीठ,
नागपूर.

(मार्फत : आवक खिडकी क्र. ४)

अर्जदार : दीक्षा धम्मानंद टेंभुर्णे, एम. ए. (आंतरराष्ट्रीय संबंध), सत्र चौथे, रा. जरीपटका, नागपूर.

विषय : शून्य हजेरीच्या कारणावरून अर्जदारास परीक्षेस अपात्र ठरवल्याबाबत, तसेच त्याच हजेरीच्या कारणावरून शिपाई श्री. बळीराम सोनकुसरे यांना दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज. २) त्यांपैकी तीन अर्जांना आलेली उत्तरे. ३) उरलेल्या तीन अर्जांना न आलेली उत्तरे.

महोदय,

१. सुरुवातीलाच एक खुलासा करणे भाग आहे. अर्जदाराचा चौथा अर्ज "मजकूर वैयक्तिक स्वरूपाचा असून त्यात मी, मला, माझे हे शब्द वारंवार आलेले आहेत, सबब परत" असा शेरा घेऊन खिडकीतून बाहेर आला होता. म्हणून या सातव्या अर्जात अर्जदाराने स्वतःचा उल्लेख सर्वत्र 'अर्जदार' असा केला आहे आणि स्वतःकडे जरा लांबूनच पाहिले आहे. संताप मात्र लांब ठेवता आला नाही. तो मजकुरात जिथे दिसेल तिथे कार्यालयाने सांभाळून घ्यावे. गेले पाच आठवडे अर्जदारानेही कार्यालयाला सांभाळूनच घेतले आहे.

२. अर्जदार जरीपटक्याची. वडील श्री. धम्मानंद टेंभुर्णे हे इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. दर ऑक्टोबरात बाहेरदेशचे भिक्खू नागपुरात येतात. अर्जदार आठ वर्षांची असताना थायलंडहून आलेले दोन भन्ते टेंभुर्णे यांच्या घरी भोजनदानाला आले होते. अर्जदाराची आजी अंजनाबाई यांना थाई येत नव्हती आणि भन्तेंना मराठी येत नव्हती. तरी वरण कधी वाढायचे हे आजीला बरोबर कळत होते, आणि भाजी तिखट झाली आहे हेही तिला भन्तेंच्या कपाळाकडे पाहून कळले. दोन देश एकमेकांशी बोलतात तरी कसे, हा प्रश्न त्या दिवशी अर्जदाराच्या डोक्यात शिरला तो आजतागायत निघालेला नाही. कार्यालयाला ही माहिती अनावश्यक वाटेल. पण प्रवेश अर्जात 'सदर विषय निवडण्याचे सबळ कारण' असा रकाना होता आणि त्यात दीडच ओळ मावत होती, म्हणून ते राहिलेले येथे सादर केले.

३. जुलै २०२४ मध्ये या विभागात वीस जागांवर सहा विद्यार्थी दाखल झाले. एक पोलीस भरतीत लागला, दोघी पुण्याला गेल्या, एकीचे लग्न ठरले आणि एकाने "याच्यात काही स्कोप नाही" असे सांगून स्पर्धा परीक्षेचा क्लास गाठला. उरली अर्जदार. एकुलते एक कायम प्राध्यापक पहिल्या वर्षाअखेर निवृत्त झाले. मग तासिका तत्त्वावरच्या डॉ. वैभवी मॅडम यांनी तिसरे सत्र एकटीने एकटीला शिकवले, आणि जीव ओतून शिकवले. चौथ्या सत्रासाठी त्यांचा नियुक्ती आदेशच निघाला नाही, कारण एका विद्यार्थ्यासाठी शिक्षक देता येत नाही असा नियम आहे. विभाग मात्र बंद करता येत नाही, कारण एक विद्यार्थी शिल्लक आहे, असाही नियम आहे. हे दोन्ही नियम एकाच फायलीत एकमेकांकडे पाठ करून बसलेले आहेत. अर्जदाराने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

४. येत्या जूनपासून हा विभाग कायमचा बंद होत आहे. म्हणजे दिनांक २५ मे रोजी सुरू होणारी परीक्षा ही या विभागाची शेवटची परीक्षा आहे. आपल्या पहिल्या पत्रात अर्जदारास "चौथ्या सत्राची पुनरावृत्ती करावी" असा सल्ला दिला गेला. कुठे करावी? कुलूप लावलेल्या दारासमोर चटई टाकून? ही परीक्षा हुकली तर दोन वर्षांच्या मेहनतीनंतर अर्जदाराच्या हातात पाऊण एम. ए. उरेल, आणि पाऊण एम. ए. ही पदवी जगातल्या कोणत्याच देशात चालत नाही. एवढे तरी अर्जदार या विषयात शिकली आहे.

५. आता हजेरीविषयी. चौथे सत्र ५ जानेवारीला सुरू झाले. फलकावर वेळापत्रक लागले होते. अकरा ते बारा परराष्ट्र धोरण, बारा ते एक आंतरराष्ट्रीय संघटना, दोन ते तीन शांतता आणि संघर्ष. शिक्षकाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी रेघ ओढलेली. वेळापत्रक आहे म्हणजे वर्ग आहे, असे समजून अर्जदार रोज पावणेअकराला खोली क्र. १४ समोर उभी राहिली.

६. या इमारतीत पूर्वी छताचे तीन पंखे चोरीला गेले होते. तेव्हापासून येथे एक कडक रिवाज आहे. जो चावी घेईल त्याने चावी रजिस्टरात नाव, वेळ आणि सही करायची, त्याशिवाय चावी नाही. हे रजिस्टर शिपाई श्री. बळीराम सोनकुसरे सांभाळतात. सक्करदऱ्याहून सायकलने येतात, तेहतीस वर्षे नोकरी झाली, या ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. एकदा एका विभागप्रमुखांनी "मला ओळखत नाहीस का?" असे विचारले असता श्री. बळीराम यांनी "वळखतो ना साहेब, म्हणून तर नावापुढे फक्त सहीच मागून राहिलो" असे उत्तर दिल्याचे इमारतीत आजही सांगतात. असा माणूस. पहिले पंधरा दिवस अर्जदारानेही रोज सही करून चावी घेतली.

७. रिकाम्या खोलीत मनातल्या मनात वाचले की डोळे मिटायला लागतात. म्हणून अर्जदार मोठ्याने वाचू लागली. भिंतीवर जगाचा नकाशा लावला, प्रश्न स्वतःच विचारले, उत्तरे स्वतःच दिली, चुकली तेव्हा स्वतःला रागावलीही. श्री. बळीराम यांचे स्टूल दाराबाहेरच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते स्टूल उंबऱ्यापर्यंत आले, आठवडाभरात आत आले. सुरक्षा परिषदेतल्या पाच देशांच्या नकाराधिकाराचा भाग अर्जदाराने तीनदा वाचला तरी तिच्या डोक्यात बसत नव्हता. तेव्हा श्री. बळीराम यांनी जे सांगितले ते शब्दशः असे : "म्हणजे पाच जणं बोरिंगच्या चाव्या घेऊन बसले, त्यातला एक नाही म्हणला का पाणी बंद, अन् बाकीच्या गल्लीनं बादल्या घेऊन उभं राहायचं. असंच ना वं?" असेच आहे, महोदय. ग्रंथालयातल्या पुस्तकात हे साडेचार पानांत सांगितले आहे, आणि तरी नीट सांगितलेले नाही.

८. जानेवारीच्या शेवटी एक गोष्ट घडली. तेव्हा ती इतकी लहान होती की कोणाच्या लक्षातही आली नाही. एक दिवस अर्जदार पोहोचली तर खोली आधीच उघडलेली, झाडलेली, कोपऱ्यात माठ भरून ठेवलेला, नकाशावरची धूळ पुसलेली. अर्जदाराने सहीसाठी रजिस्टर मागितले तेव्हा श्री. बळीराम म्हणाले, "तू रोज येतं, मंग सही कायले घेऊ वं पोरी? पंखे तू थोडीच घेऊन जाऊन राहिली." रिवाजाप्रमाणे चावी काढणाऱ्याची सही लागते, म्हणून त्यांनी चावी काढून रजिस्टरात स्वतःचीच सही केली. दुसऱ्या दिवशीही तसेच. मग तेच रोजचे झाले. तेहतीस वर्षांत विभागप्रमुखालाही सही न सोडणाऱ्या माणसाने एका मुलीला सही सोडली. अर्जदाराला त्या दिवशी फार बरे वाटले होते, हे तिने येथे कबूल करायला हवे. एवढ्या मोठ्या विद्यापीठात आपण येतो हे निदान एकाने तरी धरून चालले आहे, असे वाटले.

९. १३ एप्रिल रोजी अपात्र विद्यार्थ्यांची यादी लागली. या विषयापुढे एकच नाव होते. घेतलेले तास ०, हजर तास ०, टक्केवारी ०, शेरा 'अपात्र'. अर्जदार खिडकी क्र. ४ वर गेली आणि तेथील लिपिक श्री. मार्तंड बाबू यांना तिने विचारले की शून्यापैकी शून्य तास हजर राहिलेली मुलगी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली कशी गेली? एकही तास झाला नाही तर एकही तास चुकलाही नाही ना? मार्तंड बाबूंनी संगणकात डोकावून सांगितले, "सिस्टिम घेऊनच नाही राहिली तर मी का करू?" त्यांचा दोष नाही. त्यांच्या खोलीचा कुलर गेल्या वर्षीपासून बंद आहे आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. अर्जदाराने अर्ज लिहिला. तो पहिला.

१०. पहिल्या अर्जावर उत्तर आले की सत्राची पुनरावृत्ती करावी, नाहीतर विषय शिक्षकाने प्रमाणित केलेला हजेरीपट जोडावा. विषय शिक्षक नव्हताच, हे दुसऱ्या अर्जात कळवले. त्यावर उत्तर आले की मग विभागप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडावे. विभागप्रमुखाचा प्रभार क्रीडा संचालकांकडे आहे. ते मैदानावर भेटले, सज्जन माणूस, त्यांनी आदेश खिशातून काढून दाखवला. त्यात त्यांच्याकडे विभागाच्या 'फर्निचर व इतर जडवस्तूं'चा प्रभार दिलेला आहे. "तू त्याच्यात बसत नाहीस गं," असे ते खरोखरच वाईट वाटून म्हणाले. डॉ. वैभवी मॅडम फोनवर म्हणाल्या की काय हवे ते लिहून देते. पण ज्या काळात त्या नेमणुकीवरच नव्हत्या त्या काळातले त्यांचे प्रमाणपत्र अवैध, असे तोंडी सांगण्यात आले. हे सगळे तिसऱ्या अर्जात लिहिले, त्याला लेखी उत्तर आलेच नाही. अशा टोलवाटोलवीत तीन अर्ज गेले. चौथ्याचे काय झाले ते वर आलेच आहे.

११. या सगळ्यात आपल्या कार्यालयाने एक काम मात्र वेळेवर केले. जरीपटक्याच्या पत्त्यावर 'पालकांस सूचना' पाठवली. "आपला पाल्य चौथ्या सत्रात एकही दिवस उपस्थित नव्हता." श्री. धम्मानंद टेंभुर्णे यांनी ते पत्र दोनदा वाचले. दुकानाच्या टेम्पोत पुढे बसवून रोज सकाळी अर्जदाराला विद्यापीठाच्या फाटकाशी सोडणारे तेच. त्यांनी आवाज चढवला नाही, जेवता जेवता फक्त विचारले, "मंग तू रोज कुठी जाऊन राहिली होती वं?" हॉल तिकीट अडवले याचा अर्जदाराला राग आला होता, महोदय. बापाच्या तोंडून हा प्रश्न आला, त्याचे मात्र वाईट वाटले, आणि ते अजून गेलेले नाही. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना खोली क्र. १४ दाखवायला आणले. श्री. बळीराम यांनी त्यांना नकाशा दाखवला, माठातले पाणी दिले आणि म्हणाले, "दादा, पोरगी ताप आला ते दोन दिवस सोडून रोज आली. मी हाओ ना साक्षीले." जाताना वडिलांनी अर्जदाराच्या डोक्यावर हात ठेवला.

१२. त्या दिवशी अर्जदाराला चावी रजिस्टर सुचले. तिने कपाळावर हात मारून घेतला की हे आधीच कसे सुचले नाही. सरकारी छापाचे, पान क्रमांक घातलेले, रोजच्या तारखेचे रजिस्टर! पाचव्या अर्जासोबत त्याच्या प्रती जोडल्या. आठ दिवसांनी उत्तर आले की चावी रजिस्टरवरून चावीची उपस्थिती सिद्ध होते, विद्यार्थ्याची नाही. सहाव्या अर्जात अर्जदाराने विनंती केली की चावी आपल्या पायांनी खोलीपर्यंत जात नाही, तिच्यासोबत कोणीतरी असतेच. ही गोष्ट कार्यालयाला पटली, आणि पटली हेच मुळात चुकले. कार्यालयाने दोन दिवसांसाठी रजिस्टर मागवून घेतले आणि सह्या मोजल्या. सत्राचे कामाचे दिवस अडुसष्ट. त्यात अर्जदाराच्या सह्या पंधरा. श्री. बळीराम यांच्या एक्कावन्न.

१३. सहाव्या अर्जाला लेखी उत्तर आले नाही, पण हिशेब खिडकीवर तोंडी सांगितला गेला. तो असा : अर्जदाराची हजेरी बावीस टक्के, श्री. बळीराम सोनकुसरे यांची हजेरी बरोबर पंच्याहत्तर टक्के. म्हणजे विद्यापीठाच्या दप्तरानुसार आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या शेवटच्या सत्राला पात्र असलेला एकमेव माणूस हा या इमारतीचा शिपाई आहे. अर्जदाराला तेव्हा हसू आले, खोटे कशाला बोला. तिला वाटले, आता तरी कोणाच्या लक्षात येईल, एखादा साहेब हसेल, फाईल बाजूला ठेवेल आणि म्हणेल, द्या हो त्या मुलीला हॉल तिकीट. कोणीही हसले नाही.

१४. ११ मे रोजी श्री. बळीराम यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी ती घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्जदाराकडे आणली आणि म्हणाले, "पोरी, याच्यात का लिवलं हाय वं? शब्द सगळे वाचता आले, पण समजून नाही राहिलं." अर्जदाराने वाचून दाखवली. एक्कावन्न दिवस वर्गखोलीची चावी आदेशाविना स्वतःच्या नावे घेतली. कर्तव्याच्या वेळेत वर्गखोलीत बसून राहिले. आणि तिसरा आरोप असा की प्रवेश न घेता पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा लाभ घेतला. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांची निवृत्तीची कागदपत्रे थांबवण्यात येत आहेत. तिसरा आरोप वाचून अर्जदाराने नोटीस खाली ठेवली. श्री. बळीराम यांनी तिला पाणी दिले. मग म्हणाले, "बाकी राहू दे. मी गुन्हा कोनता केला, तेवढं सांग." हे कार्यालयाला सांगता येत असेल तर कार्यालयाने सांगावे.

१५. शुक्रवार, १५ मे रोजी सहायक कुलसचिव श्रीमती शामला वैरागडे यांनी अर्जदारास आत बोलावले. पाच आठवड्यांत प्रथमच खुर्ची मिळाली, चहाही आला. मॅडमनी टाईप केलेला एक मसुदा पुढे ठेवला. त्यात एकच वाक्य होते : "सदर कर्मचारी विनापरवानगी व परस्पर खोली उघडत असल्याने मला नोंदवहीत स्वाक्षरी करता आली नाही." येथे 'मला' हा शब्द चालतो, हे अर्जदाराच्या लक्षात आले. मॅडम प्रेमाने बोलल्या. "एवढी एक सही कर. पाच वाजेपर्यंत हॉल तिकीट तुझ्या हातात देते. तुझं सगळं पुढं आहे गं, त्याची तर नोकरी संपलीच आहे."

१६. या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, महोदय. त्यांनी परवानगी घेतली नव्हती. खोली ते परस्परच उघडत होते. अर्जदाराला सही करता आली नव्हती. सगळे शब्द खरे आणि सगळे मिळून धडधडीत खोटे, असे वाक्य अर्जदाराने पुस्तकांत पुष्कळ वाचले होते. मोठी सत्ता एका लहान देशापुढे कागद ठेवते, शेजारच्या दुसऱ्या लहान देशाविरुद्ध फक्त सही मागते आणि वरून मदतीचे आश्वासन देते. तिसऱ्या सत्रात यावर एक संपूर्ण पेपर होता आणि अर्जदाराला त्यात चांगले गुण पडले होते. परीक्षेच्या खोलीत बसून अशा लहान देशांना शहाणपण शिकवणे फार सोपे असते. मॅडमच्या समोर बसल्यावर अर्जदाराने पेनाचे टोपण काढले, हेही दप्तरी नोंद व्हावे. काढले, पेन कागदावर टेकवले, आणि "घरी विचारून येते" म्हणून मसुदा पर्समध्ये टाकला.

१७. घरी वडिलांनी मसुदा वाचला. परीक्षेला बस असेही ते म्हणाले नाहीत, बसू नको असेही नाही. रविवारी रात्री म्हणाले, "सही तुही हाय. पण भोगन तो. हे ध्यानात ठेव, अन् मंग काय करायचं ते कर." अर्जदाराला त्यांचाही राग आला. कोणीतरी एकदा तरी तिच्या वतीने ठरवावे असे तिला वाटत होते. ते झाले नाही.

१८. म्हणून हा सातवा अर्ज. अर्जदार पुढीलप्रमाणे लेखी सांगते की खोली क्र. १४ श्री. बळीराम यांनी उघडली ती अर्जदारासाठी उघडली. ते आत बसले ते अर्जदार वाचत होती म्हणून बसले. ऐकणारे कोणीतरी आहे म्हणून अर्जदार मन लावून वाचत गेली. या विद्यापीठाने चौथ्या सत्रात अर्जदाराला जर काही दिले असेल, तर ते या एका माणसाने दिले. शिक्षक द्यायचे ते कार्यालयाने दिले नाहीत, त्याची नोटीस कोणालाच निघालेली नाही. ज्याने झाडून, पाणी भरून, दार उघडून ठेवले त्याला निघाली. हा कसला न्याय आहे, हे अर्जदार विचारत नाही, कारण त्यासाठी वेगळी खिडकी असेल. ती फक्त नोंदवते की हे चुकीचे आहे, आणि हे चुकीचे आहे हे खिडकी क्र. ४ पासून आपल्या दालनापर्यंत प्रत्येकाला माहीत आहे.

१९. सबब विनंती खालीलप्रमाणे :

(क) श्री. बळीराम सोनकुसरे यांना दिलेली नोटीस बिनशर्त मागे घेऊन त्यांची निवृत्तीची कागदपत्रे ३१ मे पूर्वी मोकळी करावीत.

(ख) रजिस्टरमधील अर्जदाराचे पंधरा आणि श्री. बळीराम यांचे एक्कावन्न, असे सहासष्ट दिवस अर्जदाराची हजेरी म्हणून धरावेत आणि हॉल तिकीट द्यावे.

(ग) दप्तर बदलताच येत नसेल, तर दप्तराप्रमाणे जो पात्र आहे त्याला, म्हणजे श्री. बळीराम यांना, हॉल तिकीट द्यावे. नकाराधिकारावर प्रश्न आला तर ते अर्जदारापेक्षा चांगले उत्तर लिहितील.

(घ) आणि वरील (क) व (ख) पैकी एकच गोष्ट करणे कार्यालयास शक्य असेल, तर ती (क) असावी. हे अर्जदार रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, पण हे तिने दोन दिवस विचार करून लिहिले आहे, आणि लिहिताना तिला रडू आले आहे. परीक्षा तिलाही द्यायची आहे, महोदय. फार द्यायची आहे.

अजूनही नम्रच,

(सही)
दीक्षा धम्मानंद टेंभुर्णे
नागपूर, दिनांक १८ मे २०२६

सोबत :

१) चावी रजिस्टरातील पानांच्या झेरॉक्स प्रती. साक्षांकित नाहीत. साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे रजिस्टर शैक्षणिक आहे की सुरक्षाविषयक, हे आधी ठरवून आणायला सांगितले.

२) 'पालकांस सूचना', मूळ प्रत. त्यावर वरणाचा डाग आहे.

३) श्रीमती शामला वैरागडे यांनी दिलेला मसुदा, सही न करता परत. सहीच्या जागी शाईचा एक ठिपका दिसेल. तो अर्जदाराचाच आहे.

४) श्री. बळीराम यांना दिलेल्या नोटिशीची प्रत. त्यांच्याच पिशवीत.

ता. क. : हा अर्ज खिडकीवर देण्यापूर्वी अर्जदार आज पावणेअकराला खोली क्र. १४ वर गेली होती. अभ्यासाची पुस्तके त्याच खोलीतल्या कपाटात आहेत. दाराला कुलूप होते. माठ पालथा घातलेला होता. श्री. बळीराम स्टूल घेऊन पार जिन्याजवळ बसले होते, अर्जदाराला पाहून ते उठून उभे राहिले. इतक्या महिन्यांत ते तिच्यासाठी कधी उठले नव्हते, तशी गरजच नव्हती. त्यांनी घड्याळात पाहून वेळ लिहिली, रजिस्टर दोन्ही हातांनी पुढे धरले आणि म्हणाले, "मॅडम, सही करा." काल-परवापर्यंत पोरी म्हणत होते. अर्जदाराने सही केली. आजच्या तारखेची नोंद बिनचूक आहे, कार्यालयाने केव्हाही तपासून घ्यावी.